दुखवट्याच्या वर्षातील शब्दकोडे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या ज्येष्ठात आमचे थोरले काका गेले, आषाढात वडील आणि भाद्रपदात धाकट्या काकू. चार महिन्यांत तीनदा सुतक पाळलेल्या घरातून मी हे पत्र लिहीत आहे. मात्र ते दुःखाविषयी नाही. त्या काळात आम्हाला जे थोडेफार बरे वाटले, ते शेजारीपाजारी आणि नातलग यांच्यापासून लपवावे लागले, त्याविषयी ते आहे.

वडिलांच्या चौदाव्याचे गोडाचे जेवण झाले त्या रात्री पाहुणे पांगल्यावर घरातल्या कोणाचेच पोट भरलेले नाही असे लक्षात आले. धाकट्या भावाने डबा काढून भडंग कालवायला घेतले आणि कांदा चिरताना तो अगदी वडिलांच्या आवाजात म्हणाला, "कांदा आधी घालू नकोस, भडंगाचा चिखल होतो!" हे वाक्य आम्ही सांगलीच्या त्या स्वयंपाकघरात किमान तीस वर्षे ऐकत आलो होतो. सर्वांत आधी आई हसली आणि मग आम्हालाही आवरेना. तेवढ्यात दाराशी शेजारच्या बाई भांडी परत न्यायला आलेल्या दिसल्या, आणि चोरी पकडली जावी तसे आम्ही सगळे एकदम गप्प झालो. आईने पदर तोंडाशी नेला. आतले हसू थांबले होते की त्याचे रडू झाले होते, हे आम्हालाही कळले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र "त्यांच्याकडे रात्री बरीच मजा चालली होती" हे वाक्य फिरून आमच्यापर्यंत आले.

खरे पाहता आपल्या रूढीने दुःखाला मुदत घालून दिलेली आहे. ज्या दिवशी घरातली चूल पेटत नाही, त्या दिवशी शेजारी पिठले-भात आणून कडू घास भरवतात; दहा दिवस सुतक असते, तळण निघत नाही; आणि तेराव्या-चौदाव्या दिवशी गोड करून घर पुन्हा व्यवहाराला लागते. वर्षभर सण करत नाहीत, पण दिवाळीला लोक आठवणीने फराळ पाठवतात. आमच्याकडे यंदा कढई चढली नाही, तरी सात घरांचे डबे आले. आईने सातही घरांच्या चकल्या एकेक मोडून पाहिल्या आणि कोणाचे मोहन कमी पडले, कोणाची भाजणी जास्त भाजली गेली, याचे निदान केले. ती अर्धी दुपार तिची छान गेली. म्हणजे रीत माणसाला सवलत देते. ती काढून घेते ती बघ्यांची नजर.

ही नजर बाईवर अधिक रोखलेली असते, हे वेगळे सांगायला नको. आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. त्याचा आधार घेऊन आम्ही दहाव्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंना हात जोडून थांबवू शकलो. पण हसण्याबद्दल कोणती ग्रामसभा ठराव करणार?

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचे जगणे यांच्यात ये-जा करत असतो, आणि दुःखापासून अधूनमधून घेतलेली सुटी हाही त्या शोकाचाच भाग असतो. मी हे आईला सांगितले, तेव्हा तिने "बरं" एवढेच म्हटले आणि आपल्या दैनिकातील कोडे पुढे ओढले.

त्या कोड्याबद्दलही लिहायला हवे. ते सोडवण्याचा मान वडिलांचा होता. आई स्वयंपाकघरातून मदत करायची. एकदा 'ताक घुसळण्याचे साधन, दोन अक्षरी' यासाठी त्यांनी 'यंत्र' लिहून ठेवले होते आणि आतून "अहो, रवी!" असा आवाज आला होता. आता त्यांची पेन्सिल तिच्या हातात असते. सकाळी चहा झाला की ती अंक उघडते, आधी निधनवार्तांचे पान वाचते, मग कोड्याकडे वळते आणि अडले की आम्हाला हाक मारते. 'बैलाच्या गळ्यातील अलंकार, पाच अक्षरी' हे तिने आमच्याआधी ओळखले आणि 'घुंगुरमाळ' लिहून झाल्यावर खुर्चीकडे पाहिले. ती खुर्ची रिकामी असते, हे तिला ठाऊक आहे. एका नातेवाईक बाईंनी "हिला कोडी बरी सुचतात" असे म्हटल्यापासून कोणी आले की ती अंक उशीखाली सरकवते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला हे करावे लागते याचा मला राग येतो.

आपल्याकडे एकच विनंती आहे. गेल्या काही आठवड्यांपासून रविवारच्या कोड्याचे चौकोन फार बारीक छापले जात आहेत. तिची पेन्सिल जाड आहे आणि जोडाक्षर त्यात बसत नाही. हे पत्र छापले नाही तरी चालेल, चौकोन तेवढे पूर्वीसारखे करावेत.

आपला,
एक वाचक, सांगली