व्हिटमन शिकवताना १८५० चा कायदा सोबत ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आली की एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन साहित्यावर एक ठरलेलं उत्तर पाठ होतं: इमर्सनने स्वावलंबन सांगितलं, व्हिटमनने लोकशाहीचे गोडवे गायले, संपलं. गोडवे होतेच, पण त्याच ओळींत लोकशाहीची झाडाझडतीही आहे. ती दिसायला तेव्हाचे कायदे माहीत हवेत.

व्हिटमनच्या ‘साँग ऑफ मायसेल्फ’ या कवितेचा दहावा भाग घ्या. पळून आलेला गुलाम दाराशी येतो. कवितेतला ‘मी’ त्याच्या घामेजल्या अंगासाठी, सोललेल्या पायांसाठी टबात पाणी भरतो, जाडेभरडे पण स्वच्छ कपडे देतो, आठवडाभर ठेवून घेतो आणि जेवताना शेजारी बसवतो. कोपऱ्यात बंदूक टेकवलेली. ती कशाला, यावर गाईडं गप्प. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याच्या कलम ७ प्रमाणे अशा माणसाला आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. म्हणजे १८५५ साली छापलेल्या या ओळी गुन्ह्याची उघड कबुली ठरतात. शेजारी जेवायला बसवणं म्हणजे काय, हे मात्र मराठवाड्यातल्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. गावातली पंगत त्यांनी पाहिलेली असते.

एक खबरदारी. ही कविता ज्या संग्रहात आहे त्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची इंटरनेटवर सहज सापडणारी संहिता बहुधा १८९१-९२ ची, म्हणजे शेवटच्या आवृत्तीची असते. १८५५ च्या आवृत्तीत अवघ्या १२ कविता होत्या. या कवितेला ना हे शीर्षक होतं, ना भागांचे आकडे. शेवटची संहिता वाचून खाली १८५५ लिहिलं की यादवी युद्धाआधीचं काय आणि नंतरचं काय, याचा घोळ होतो. ‘व्हिटमन अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर दोन्ही आवृत्त्या फुकट आहेत. याच व्हिटमनने १८७१ मध्ये ‘डेमोक्रॅटिक व्हिस्टाज’मध्ये लिहिलं, की लोकशाहीने भौतिक भरभराट केली, पण समाज आणि साहित्याच्या बाबतीत ती जवळजवळ पुरती नापास झाली.

अमेरिकेचं स्वतःचं साहित्य हवं, या संस्कृतीच्या प्रश्नामागे धंदाही होता. १८९१ पर्यंत परदेशी लेखकांना अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. इंग्रज कादंबरीकार डिकन्स फुकटात छापता येई, अमेरिकन लेखक छापायचा तर मात्र प्रकाशकाला त्याला पैसे द्यावे लागत. वाचकाची चंगळ, लेखकाचे हाल. युरोपची री ओढणं थांबवा म्हणणारं इमर्सनचं १८३७ चं भाषण या बाजारासकट शिकवलं तर ते नुसतं उपदेशपर वाटत नाही.

एका तासिकेत एवढं बसतं: आधी कलम ७, मग व्हिटमनच्या त्या दहा ओळी, मग फ्रेडरिक डग्लस यांच्या ५ जुलै १८५२ च्या रॉचेस्टरमधल्या भाषणाचे दोन परिच्छेद. डग्लस स्वतः १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेले. स्वातंत्र्यदिन गुलामाच्या काय कामाचा, हा त्यांचा सवाल. हा क्रम उलटा करू नये, डग्लसनंतर व्हिटमन फिका पडतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही ‘व्हिटमन: लोकशाहीचा कवी, चर्चा करा’ हा प्रश्न दोन-तीन वर्षं बाजूला ठेवावा. त्याऐवजी उतारा छापून द्यावा आणि तो कायद्याच्या संदर्भात वाचायला लावावा.

आपले,
इंग्रजीचे काही अध्यापक, परभणी