डब्यावरचे ८२ डेसिबल वायरीतून येणाऱ्या आवाजाला लागू नसतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कानांवर इअरमफ आणि कमरेला वॉकीटॉकी ही जोडी आता बांधकामावर, झाडतोडीच्या कामात, प्रेसशॉपमध्ये, नेमबाजीच्या रेंजवर सर्रास दिसते. जोडी दिसते, पण दोघांची जोडणी क्वचितच दिसते. रेडिओ खरखरला की माणूस एका कानावरचा मफ उचलतो, ऐकतो आणि पुन्हा बसवतो. आठ तासांच्या पाळीत असे करता करता कान मिळून अर्धा तास उघडा राहिला, तर मफ कितीही भारी असो, त्या पाळीचे सरासरी संरक्षण १२ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. ३० मिनिटे हा ४८० मिनिटांचा सोळावा भाग, आणि ध्वनिऊर्जा सोळापट घटणे म्हणजे १२ डेसिबल. हिशेब इतकाच आहे. म्हणून रेडिओचा आवाज मफच्या आतच आणला पाहिजे.

यासाठी रेडिओ अंगभूत असलेला महागडा संच घ्यायलाच हवा असे नाही. ३.५ मिलिमीटरचा ऑक्स जॅक (बाहेरच्या यंत्राचा आवाज वायरीने आत घेणारे भोक) असलेला साधा इलेक्ट्रॉनिक मफ, रेडिओला बसणारा स्पीकर-माइक (वायरीच्या टोकाची स्पीकर, माइक आणि बोलण्याचे बटण असलेली डबी) आणि मधली एक वायर एवढ्यावर काम होते. मात्र या स्वस्त जोडणीत एक धोका आहे आणि त्याबद्दल विकणारे सहसा बोलत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक मफच्या दोन्ही वाट्यांवर बाहेरून मायक्रोफोन असतात. आजूबाजूचे बोलणे ते आत पोहोचवतात आणि आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की सर्किट तो दाबते. ‘८२ डेसिबलला मर्यादित’ असे डब्यावर छापलेले असते ते याबद्दल. हा लगाम मायक्रोफोनच्या वाटेवर बसवलेला असतो. ऑक्स जॅकची वाट अनेक स्वस्त मॉडेलांत सरळ आतल्या स्पीकरला जाते, तिला लगाम नाही.

आता रेडिओकडे पाहा. हातातल्या वॉकीटॉकीचा ऑडिओ साधारण अर्धा ते एक वॅट असतो, कारण त्याला मोकळ्या हवेत स्पीकर वाजवायचा असतो. हेडफोनच्या स्पीकरला १ मिलिवॅट दिला तरी कानापाशी १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. १६ ओहमच्या स्पीकरवर एक वॅट म्हणजे ४ व्होल्ट. तेच ४ व्होल्ट हेडसेटमधल्या ३२ ओहमच्या स्पीकरला मिळाले तर अर्धा वॅट होतो आणि कागदावर आकडा १२० डेसिबलच्या पुढे जातो. कान वाचवायला घातलेले यंत्रच कानाशी शिट्टी फुंकू लागते. नशीब असेल तर कानाआधी स्पीकर जळतो.

आपल्या मफची वाट कुठली, हे घरीच पाहता येते. मफ कानांवर घालू नका, हातात धरा. त्याचे सेल काढा, रेडिओचा आवाज शून्यावर आणा, वायर जोडा आणि आवाज हळूहळू वाढवा. सेल नसतानाही ऐकू आले तर ऑक्स थेट स्पीकरला जोडलेला आहे, म्हणजे त्याला लगाम नाहीच. ऐकू आले नाही तर सेल घालून मफ चालू करा आणि मफचे स्वतःचे आवाजाचे बटण फिरवा. रेडिओचा आवाज त्याबरोबर कमी-जास्त झाला तर तो मफच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो आहे. एवढ्याने मर्यादा सिद्ध होत नाही. रेडिओचा आवाज वाढवत नेल्यावर एका टप्प्यानंतर मफमधला आवाज वाढायचा थांबला, तरच लगाम आहे असे धरा. सेल संपल्यावर रेडिओ बंद पडतो की चालू राहतो तेही याच वेळी कळते, आणि क्रेनखाली उभे असणाऱ्याला ते आधी माहीत हवे.

जोडणीची सुरुवात स्पीकर-माइकपासून करावी, थेट रेडिओच्या जॅकपासून नाही. केनवूड पद्धतीच्या जोडपिनेत, म्हणजे बाओफेंगसारख्या अनेक स्वस्त रेडिओंतही, ३.५ आणि २.५ मिलिमीटरच्या दोन पिना शेजारी असतात. दोन्ही पिनांचे बाहेरचे धातूचे भाग एकमेकांना टेकले की रेडिओ प्रक्षेपण सुरू करतो, कारण बोलण्याचे बटण तेच काम करते. घरगुती वायरीत दोन्हींची ‘अर्थिंग’ एकत्र झाळणारा नेमका इथे फसतो. लाल दिवा लागून राहतो, चॅनल अडतो आणि बाकीची टोळी मुकी होते. मोटोरोलाच्या दोन पिना दिसायला तशाच, पण त्यांची मांडणी वेगळी. आयकॉमच्या पद्धतीत बटण माइकच्याच तारेवर ३३ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून काम करते, त्यामुळे तिथे केनवूडचा नकाशा कामाचा नाही. एकाच तीन-टप्प्यांच्या (काळ्या कड्यांनी तीन धातूच्या भागांत विभागलेल्या) पिनेवर चालणाऱ्या छोट्या रेडिओंत साधी दोन-टप्प्यांची पिन खुपसली तर मधला टप्पा जमिनीला, म्हणजे ‘अर्थिंग’च्या तारेला, टेकतो आणि तिथेही प्रक्षेपण अडकू शकते. आपल्या रेडिओच्या पद्धतीचा तयार स्पीकर-माइक घेतला की ही सगळी भानगड कारखान्यानेच सोडवलेली असते. घेताना त्याच्या अंगावर ३.५ मिलिमीटरचा इअरफोन जॅक आहे ना, ते पाहा. त्या जॅकमध्ये फक्त ऐकण्याचा सिग्नल असतो आणि पिन घातली की वरचा स्पीकर बंद होतो.

इथून मफपर्यंतची वायर हीच आपली खरी कारागिरी. स्पीकर-माइकचा जॅक मोनो, मफचा स्टिरिओ. दोन्हीकडे स्टिरिओ पिन असलेली वायर लावली तर बहुधा डाव्याच कानात ऐकू येते. मोनो वायर लावली तर मफच्या बाजूला मधला टप्पा जमिनीला टेकतो आणि उजवा कान मुका राहतो. म्हणून रेडिओकडे दोन टप्प्यांची मोनो पिन आणि मफकडे तीन टप्प्यांची स्टिरिओ पिन घ्यावी. मोनोचे टोक स्टिरिओच्या टोकाला आणि मधल्या टप्प्याला, दोन्हीला जोडावे. बाहेरचा भाग बाहेरच्या भागाला. मोबाइलच्या हेडफोनची चार टप्प्यांची पिन यात घुसवू नये, तिच्यात जमिनीचा टप्पा वेगळ्या जागी असतो.

याच वायरीत दोन रेझिस्टन्स घालायचे आहेत, आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. मोनो पिनेच्या टोकापासून येणाऱ्या तारेत ३३० ओहमचा एक. त्याच्या पलीकडे, मफच्या बाजूला, सिग्नलची तार आणि जमिनीची तार यांच्यामध्ये १५ ओहमचा दुसरा. पाव वॅटचे साधे रेझिस्टन्स पुरतात. रेडिओ पूर्ण ४ व्होल्ट देत असला तरी दोन्हींत मिळून जेमतेम ०.०५ वॅट खर्च होतो. मफ थेट जोडणीचा असेल तर त्याचे ३२ ओहमचे दोन स्पीकर समांतर होऊन १६ ओहम होतात आणि पूर्ण आवाजावरही त्यांना सुमारे ०.०९ व्होल्ट मिळतात, म्हणजे प्रत्येक कानाला पाव मिलिवॅट. मफ अ‍ॅम्प्लिफायरचा असेल तर सुमारे ०.१७ व्होल्ट. एकूण घट २७ ते ३३ डेसिबल. काही जण नुसता एकच रेझिस्टन्स ओळीत घालतात. थेट जोडणीच्या मफवर ते चालते, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या मफचा आतला रोध हजारो ओहम असल्याने तिथे ओळीतल्या ३३० ओहमने काडीचा फरक पडत नाही. १५ ओहमचा आडवा रेझिस्टन्स हवा तो त्यासाठी.

याचा आणखी एक फायदा कानाला लगेच जाणवतो. घट नसताना रेडिओचे बटण पहिल्या खुणेवरच ठेवावे लागते. तिथे बोलणे हळू आणि अ‍ॅम्प्लिफायरची सूं-सूं तेवढीच, म्हणजे जवळजवळ बरोबरीची. घट घातल्यावर बटण मध्यावर येते आणि बोलणे त्या सूं-सूंच्या बरेच वर उचलले जाते. जागा फारच गोंगाटाची असेल आणि मध्यापुढे जाऊनही शब्द लागत नसतील, तर ३३० च्या जागी १५० ओहम घाला. त्याखाली जाऊ नका, आधी मफ नीट बसलाय का ते पाहा.

झाळकाम करताना दोन्ही रेझिस्टन्स मोनो पिनेजवळ ठेवा, प्रत्येक जोडावर वेगळी हीट श्रिंक ट्यूब आणि वरून एक मोठी चढवा. ट्यूब आधी तारेत ओवायची असते, झाळून झाल्यावर आठवते. मग मल्टिमीटर लावा. रेडिओच्या बाजूने टोक आणि बाहेरचा भाग यांत ३४५ ओहम दिसले पाहिजेत, मफच्या बाजूने १५. शून्य दिसले तर कुठेतरी तारेचा केस टेकला आहे. वायरची जमीन रेडिओच्या धातूच्या अंगाला, अँटेनाच्या बुडाला किंवा दुसऱ्या कुठल्या यंत्राला जोडू नका. काही रेडिओंत स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात, त्यातली एक जमिनीला टेकली तर रेडिओतली ऑडिओची चिप (आयसी) जळते. मफ स्वतःच्या सेलवर चालतो म्हणून तो अलगच राहतो, त्याला तसाच राहू द्या.

बोलण्यासाठी स्पीकर-माइक छातीच्या वरच्या भागात, कॉलरजवळ लावावा आणि बटण दाबून तोंड त्याच्याजवळ न्यावे. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्सची सोय गोंगाटात बंदच ठेवा, ग्राइंडर सुरू झाला की तीही सुरू होते. रेडिओच्या मेनूतला टीओटी, म्हणजे सलग प्रक्षेपणाची मर्यादा, ६० सेकंदांवर ठेवा. बटण दबून अडकले तर चॅनल एका मिनिटात मोकळा होतो. बटणांचे बीप आणि बोलक्या सूचना बंद करा. काही रेडिओंत त्यांचा आवाज आवाजाच्या बटणाला जुमानत नाही आणि मफच्या आत तो टोचतो. चाचणी घेताना दुसरा रेडिओ निदान दहा-पंधरा मीटर लांब न्या, नाहीतर दोघांत शिट्टी सुरू होते आणि दोष वायरीला लागतो.

बटण दाबल्यावर मफमध्ये भुणभुण किंवा चरचर आली तर जोड कच्चा आहे असे लगेच धरू नका. चार-पाच वॅटचे प्रक्षेपण एक मीटर वायरीवर उतरते आणि मफचे सर्किट त्यालाच ऑडिओ समजते. वायर लांब असेल तर आखूड करा, अँटेना आणि वायर शरीराच्या दोन वेगळ्या बाजूंना ठेवा, रेडिओ कमी शक्तीवर लावा. तरीही राहिले तर मफच्या पिनेजवळ फेराइटचा क्लिप लावून त्यातून वायरीचे तीन-चार वेढे काढा. रेझिस्टन्सच्या जोडावर १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सिग्नल आणि जमीन यांच्यात झाळला तरी बराच फरक पडतो.

ब्लूटूथचा मोह आवरावा. स्वस्त ट्रान्समीटर शांततेत झोपी जातात आणि जागे होईपर्यंत पहिला शब्द गेलेला असतो. ‘थांब’ हा पहिलाच शब्द असतो, हे ध्यानात घ्या.

मफची पट्टी आणि गादी यांकडे मात्र हात आखडता घेऊ नये. अमेरिकन पद्धतीत एनआरआर (आवाज घटवण्याचा अंक) २२ छापलेला मफ प्रत्यक्षात २२ डेसिबल देत नाही. तिथल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या हिशेबाने, गोंगाट डीबीएमध्ये (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेल्या डेसिबलमध्ये) मोजला असेल तर एनआरआरमधून ७ वजा करून निम्मे धरायचे, म्हणजे साडेसात. ९५ डीबीएच्या जागी कानापाशी ८७.५ उरतात. तिथलीच नायॉश संस्था ८५ डीबीए आठ तासांपुरते सुचवते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते, म्हणजे ८८ ला चारच तास. रेडिओचे बोलणे त्यावर आणखी चढते. म्हणून वाटीला भोक पाडून तार आत नेणे, किंवा नळीचा इअरपीस गादीखालून सरकवणे, हे दोन्ही प्रकार टाळा. गादीखालच्या बारीक फटीतून गोंगाट आत येतो, मग रेडिओ वाढवला जातो, आणि आपण होतो तिथेच येतो.

वायर कपड्याच्या आतून मानेमागून वर न्यावी. फिरत्या यंत्राजवळ लोंबणारी वायर कान नाही, मान घेऊन जाते. पिन सरळ असावी, झटका बसला की निसटणारी. आणि जिथे ज्वालाग्राही वायू किंवा धूळ असते, अशा जागेसाठी प्रमाणित केलेल्या रेडिओला ही घरगुती वायर कधीच लावू नये. ते प्रमाणपत्र ठरलेल्या जोडसाहित्यासहच असते, दोन रेझिस्टन्स झाळले की ते संपते.

मफ बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी ८२ हा आकडा ठळक छापताना त्याखाली एवढेच लिहावे : ऑक्समधून येणाऱ्या आवाजाला ही मर्यादा आहे की नाही, ऑक्सचा आतला रोध किती ओहम, आणि सेल संपल्यावर तो चालतो का. कामगारांसाठी ठोक खरेदी करणाऱ्यांनी हे तीन प्रश्न मागणीपत्रात घातले, तर उत्तरे डब्यावर यायला फार दिवस लागणार नाहीत.

आपला,
एक बिनतारी तंत्रज्ञ