पार्सलने येणारी उबवणीची अंडी : दोष केवळ यंत्राचा नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत बचत गटांतील महिला आणि छोटे शेतकरी कडकनाथ, असील यांसारख्या कोंबड्यांची उबवणीची अंडी दूरवरून मागवू लागले आहेत. मोबाइलवर कोंबडीचे छायाचित्र पाहायचे, पैसे पाठवायचे आणि तीन-चार दिवसांनी कुरिअरचा किंवा एसटी पार्सलचा खोका ताब्यात घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. अंडी उबली नाहीत की विकणारा घेणाऱ्याच्या अंडी उबवण्याच्या यंत्राला दोष देतो आणि घेणारा अंडी वांझ होती असे म्हणतो. ती अंडी प्रवासात असताना त्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात मी अकरा वर्षे परसातल्या कोंबड्या पाळते आणि गेली सहा वर्षे छोट्या यंत्रात अंडी उबवते. माझ्या ओळखीच्या अनेक जणींचे कष्टाचे पैसे या व्यवहारात बुडाले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे पहिले पार्सल वैशाखात आले. घाटावरच्या एका विक्रेत्याकडून मी कडकनाथची २४ अंडी मागवली होती. कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक, म्हणजे अंड्यांवर ऊब द्यायला, बसत नाही, त्यामुळे तिची अंडी गावठी कोंबडीखाली तरी ठेवावी लागतात किंवा यंत्रात तरी. खोका निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी आमच्याकडे पोहोचला आणि मला निरोप मिळेपर्यंत एक पूर्ण दुपार पत्र्याच्या छपराखाली पडून राहिला. २ अंडी फुटली होती. उरलेली २२ मी त्याच संध्याकाळी, उशीर नको म्हणून, यंत्रात मांडली. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर धरून पाहिली, तेव्हा ९ अंडी आरपार स्वच्छ दिसली, ५ अंड्यांत रक्ताचे कडे दिसले, म्हणजे गर्भ वाढायला लागून मेला होता, आणि केवळ ८ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या जिवंत रक्तवाहिन्या होत्या. त्या ८ अंड्यांतून ३ पिल्ले बाहेर आली. बाकीची ५ पूर्ण वाढून कवचातच मेली. विक्रेत्याने मला थर्मामीटर बदलायला सांगितले. मी तोही बदलला, परंतु पुढच्याच महिन्यात त्याच यंत्रात, जुनाच थर्मामीटर पुन्हा लावून, घरच्या कोंबड्यांची १० अंडी ठेवली तेव्हा ८ पिल्ले निघाली. त्यानंतर मी यंत्राकडे पाहणे थांबवले आणि प्रवासाकडे पाहू लागले.

फलित अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा त्यातील गर्भ सुमारे एक दिवस आधीच वाढू लागलेला असतो आणि बलकावरच्या त्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. अंडे थंड झाले की ही वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत गर्भ जणू झोपून राहतो. ही झोप नीट लागायची तर अंडे साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात राहावे लागते. तापमान २०-२१ अंशांच्या वर गेले की वाढ हळूहळू सुरू होऊ लागते. वैशाखातल्या बंद गाडीत अंड्याला गर्भ शांत राहील इतका गारवा मिळत नाही आणि तो नीट वाढेल अशी स्थिर ऊबही मिळत नाही. अशा अर्धवट जागेपणात तो अशक्त होतो आणि बहुधा पहिल्या काही दिवसांतच मरतो. माझ्या त्या ५ अंड्यांतील रक्ताच्या कड्यांचे कारण मला यातच दिसते. आरपार स्वच्छ दिसलेल्या ९ अंड्यांपैकी काही वांझ असतीलही, पण अगदी सुरुवातीला मेलेला गर्भ उजेडावर वांझ अंड्यासारखाच दिसतो, ही गोष्ट विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही लक्षात ठेवावी.

दुसरे नुकसान हादऱ्यांचे. अंड्याच्या बोथट टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते आणि पिल्लू कवच फोडण्याआधी पहिला श्वास याच पोकळीत घेते. गाडीच्या धक्क्यांनी हा आतला पापुद्रा सुटतो, आणि अंडे उजेडावर धरून हळूच कलवले तर पोकळी जागची हललेली स्पष्ट दिसते. बलकाला मध्यभागी धरून ठेवणारे पांढरे दोरही ताणले जातात. असे अंडे आल्या आल्या यंत्रात आडवे ठेवून दिवसातून अनेकदा फिरवले तर पापुद्रा जागेवर बसायला वेळच मिळत नाही.

म्हणून पार्सल आले की अंडी निमुळते टोक खाली आणि बोथट टोक वर अशी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभी करून सावलीच्या गार खोलीत १२ ते २४ तास स्वस्थ राहू द्यावीत. त्यांना फ्रीजमध्ये ठेवू नये आणि पाण्याने धुऊ तर अजिबात नये, कारण कवचावर जंतूंना अडवणारा जो नैसर्गिक थर असतो तो धुतल्याने निघून जातो. या अवकाशात एकेक अंडे उजेडावर पाहून केसासारखी चीर गेलेली अंडी बाजूला काढावीत. पोकळी फार डळमळत असेल तर यंत्रातही अंडी उभीच ठेवून पहिले दोन-तीन दिवस फिरवू नयेत आणि नंतर ट्रे फक्त एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवावा. माझ्या सासूबाई माहेराहून आणलेली अंडी एक रात्र भाताच्या तुसात ठेवत आणि दुसऱ्या दिवशीच खुडूक कोंबडीखाली घालत. अंड्यांनाही वाटेचा शीण येतो, असे त्या म्हणत. आम्ही त्याला जुन्या माणसांची समजूत मानत होतो. पोकळीचा हा सगळा प्रकार समजला तेव्हा त्यांचे बोलणे किती नेमके होते ते माझ्या ध्यानात आले.

यंत्राबद्दल थोडेच लिहिते. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस आणि बिनपंख्याच्या यंत्रात अंड्यांच्या माथ्याशी मोजून सुमारे ३८.५ अंश, १८ व्या दिवसापर्यंत फिरवणे आणि त्यानंतर झाकण न उघडणे, हे बहुतेकांना ठाऊक असते. गफलत होते ती दमटपणात. यंत्राबरोबर मिळणाऱ्या कागदावर पाण्याचा ट्रे सतत भरलेला ठेवा, असे सरसकट लिहिलेले असते. आषाढातल्या कोकणात हवाच इतकी ओली असते की तो सल्ला पाळला तर अंड्यातले पुरेसे पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच गुदमरते. उलट चैत्रातल्या सोलापुरात तोच ट्रे एक दिवस कोरडा राहिला तर पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. २१ दिवसांत अंड्याचे वजन साधारण १२ ते १४ टक्के घटले पाहिजे. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवायची, ती आपल्या गावची हवा पाहून. कवचाला पहिली चीर गेल्यावर पिल्लू बाहेर यायला पुष्कळदा एक पूर्ण दिवस लागतो. आतली चिवचिव ऐकून आपला जीव कासावीस होतो हे मी जाणते, पण घाईने कवच सोलले तर पापुद्र्यातील रक्तवाहिन्या तुटून पिल्लू दगावते.

परंतु घेणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी दहा दिवसांची शिळी अंडी त्याला ताजी करता येत नाहीत, म्हणून मोठी जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. आठवड्याहून अधिक काळ साठवलेल्या अंड्यांची उबवण क्षमता घटत जाते. खाण्यासाठी घेतलेल्या साध्या पाकिटावरही आपण तारीख पाहतो, मग ४० रुपयांना एक या भावाने विकलेल्या उबवणीच्या अंड्यावर ते घातल्याची तारीख का नसावी? प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी, अंडी एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगवेगळी गुंडाळून निमुळते टोक खाली ठेवून भरावीत आणि कडक उन्हाळ्यात पार्सल पाठवूच नये. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या नावाला मोठी किंमत आली आहे. ती किंमत घेणाऱ्या विक्रेत्याने हे किमान नियम पाळायला काय हरकत आहे? कळपाच्या आरोग्याची माहितीही खोक्यासोबत यायला हवी, कारण पांढऱ्या हगवणीसारखा रोग कोंबडीकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कुक्कुटपालकांचे किती हाल झाले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. अंडी कुठल्या गावातून आली हेच माहीत नसणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वाहतूक करणाऱ्यांकडेही माझे मागणे मोठे नाही. अमेरिकेत एका दिवसाची पिल्ले टपालाने पाठवण्याची सोय १९१८ पासून आहे. जन्माआधी पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरते, यावर ती सोय उभी आहे. आपल्याकडे निदान उबवणीच्या अंड्यांच्या खोक्याला ओळखू येईल अशी एक खूण असावी, तो सावलीत ठेवला जावा आणि पोहोचताच घेणाऱ्याला दूरध्वनी जावा, एवढे झाले तरी पुरे.

पशुसंवर्धन विभागाला माझी विनंती आहे की, खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या संस्थांतील जाणकारांकडून प्रवास केलेल्या अंड्यांविषयी दोन पानांचे मराठी पत्रक तयार करून घ्यावे आणि त्यात कोकण, देश, विदर्भ व मराठवाडा यांच्या हवेप्रमाणे आर्द्रतेच्या वेगवेगळ्या सूचना द्याव्यात. ते पत्रक प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळावे.

मागच्या पौषात मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून पुन्हा २४ अंडी मागवली. त्यांनी माझ्या सांगण्यावरून तारखा लिहिल्या होत्या आणि सर्वात जुने अंडे पाच दिवसांचे होते. एकही फुटले नाही. एक रात्र मी ती तशीच उभी ठेवली आणि २१ व्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत १५ पिल्ले निघाली. यंदाच्या थंडीत आमच्या गटातील सात जणी एकत्र अंडी मागवणार आहोत, आणि जो विक्रेता अंड्यांवर तारीख लिहायला तयार नसेल त्याच्याशी व्यवहार करायचा नाही, असा ठराव आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

आपली नम्र,
एक कुक्कुटपालक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी