मुठेलासोबतचं पत्र

दापोली
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्याला आज आठ दिवस झाले. ठेवलास म्हणजे आपटलास. तेव्हापासून तुझी आईही माझ्याशी मोजकंच बोलते. चहा समोर येतो, पण बशी वाजते. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. वाहक म्हणून तेहतीस वर्षं भरलेल्या गाडीत 'पुढे सरका, मध्ये जागा आहे' असं ओरडून माझा गळाच तसा झालाय. साधं बोललो तरी समोरच्याला भांडण वाटतं. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या सोरायसिसवर डॉक्टर देताहेत त्या गोळीबद्दल, जिच्या नावाने मी फोनवर भडकलो, एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आधी पार्सलाचं. स्टीलच्या डब्यात मुठेलाचे सहा गोळे आहेत, आक्काने मेमध्ये केलेले. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया सुकवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत दाबून वळायचं. हे तिला आजीने शिकवलं. आता तिच्यामागे कोण करणार, ते असो. गोळ्यांवर तिच्या बोटांचे ठसे तसेच आहेत बघ. दिल्लीच्या थंडीत त्याचा दगड होईल. वाटीत खोबरेल घे, त्यात थोडं मुठेल किस, वाटी गरम पाण्यात धर, विरघळेल. अंघोळ झाली की अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच लावायचं. पार सुकल्यावर लावलंस तर नुसता तेलकटपणा वर बसतो, आतला ओलावा आधीच उडालेला असतो. गीझरचं पाणी कडकडीत नको. वज्रीने घासणं नको, कोपरावर तर अजिबात नको. खवले सोलायचे नाहीत, खाली रक्ताचे बारीक ठिपके येतात आणि

हे सगळं तुला पाठ आहे. सहावीपासून ऐकते आहेस. सोडून देतो.

दुसरी बाटली काळ्या कुड्याच्या तेलाची. पानं मीच बांधावरून आणली आणि खोबरेलात बुडवून बरणी उन्हात ठेवली. चार-पाच दिवसांत तेल जांभळं झालं. लहानपणी तू दर तासाला पडवीतून धावत जाऊन बघायचीस, रंग उतरला का म्हणून. त्याने रोग जातो असं मी आता म्हणत नाही. खवला मऊ पडतो, खाज कमी होते, एवढं माझ्या अंगापुरतं खरं. करंजेल पाठवलेलं नाही. तो वास सोसायला तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने काय पाप केलंय?

मागच्या खेपेला गुळवेलीची पावडर पाठवली होती, ती मात्र टाकून दे. त्या गोळीसाठी यकृताची तपासणी करायला लावतात, मग त्याच यकृतावर माझे काढे कशाला? थोडी घेतली असलीस तर डॉक्टरांना सांग, लपवू नको. बघ, आलीच गोळी.

'बाबा, तुम्ही मला एकदा भाजलंत, आता पुरे.' एवढं बोललीस आणि फोन ठेवलास.

मे २०१४. तुझी आठवी झाली होती. बाजारात झाडपाला घेऊन बसणाऱ्या माणसाकडून मी बावचीचं तेल आणलं. तो म्हणाला, लावा आणि उन्हात बसवा, रोग जळून जाईल. मी शब्दश: ऐकलं. अंगणात पाटावर तुला बसवलं, अकराचं ऊन, गुडघे आणि कोपरं उघडी. तू म्हणालीस, चुणचुणतंय. मी म्हणालो, लागू पडतंय. हे वाक्य मला रात्री अजून ऐकू येतं. संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांवर पाण्याचे फोड. जूनमध्ये तू पट्ट्या बांधून शाळेत गेलीस आणि पट्ट्या सुटल्या तेव्हा जिथे जिथे भाजलं होतं तिथे तिथे नवे चट्टे. या रोगाला जखम आवडते. ओरखडा उठला की त्याच रेषेत तो उगवतो. हे आपल्याला नंतर कळलं.

रत्नागिरीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. तू बाहेर बाकावर बसली होतीस, त्यांनी मला शांतपणे समजावलं. बावचीत सोरालेन असतं, उन्हात कातडी लवकर भाजवणारं द्रव्य. तेच सोरालेन मोठ्या दवाखान्यात याच रोगावर देतात आणि मग अतिनील किरणांच्या पेटीत रोग्याला उभं करतात, पण किरण मोजून, वेळ मोजून. म्हणजे औषध खोटं नव्हतं. खोटं असतं तर तू भाजली नसतीस. मीच मोजलं नाही. ज्या माणसाने रोज रात्री वेबिल आणि रोकड पैशापैशाने जुळवली, त्याने पोटच्या पोरीला उन्हात बसवताना घड्याळ बघितलं नाही.

याची माफी मी कधी मागितली नव्हती. तुझ्या आईसमोरही नाही. आता मागतो.

पण गोळीच्या नावाने मी एवढा का भडकलो, तेही तुला सांगायला हवं. तुझ्या आईने शपथ घातली होती म्हणून बोललो नाही. तू पोटात होतीस. शकूचं लग्न ठरलं होतं, आणि माझे हात, पाठ, डोकं सगळं भरलेलं. चार लोकांत वावरायचं तर हे अंग घेऊन कसं, म्हणून एकाने सांगितलेल्या माणसाकडून काळ्या पुड्या आणल्या. जडीबुटी, साइड इफेक्ट नाही. पंधरा दिवसांत अंग असं साफ की आजीने दृष्ट काढली. भूक दुप्पट, तोंड भोपळ्यासारखं गोल. लग्नाच्या फोटोत तू मला ओळखत नाहीस, तो मीच. पुड्या संपल्या आणि तीन आठवड्यांनी डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो. भर मेमध्ये हुडहुडी भरायची. अंथरूण झटकलं की मूठभर कोंडा पडायचा. दवाखान्यात सतरा दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, ते एकदम बंद झालं की हा रोग असाच उसळतो. डेपोत आणि गावात सांगितलं की कावीळ झाली.

म्हणून तू 'गोळी' म्हणालीस आणि मला ती पुडी दिसली. तू पुढे काय म्हणालीस ते मी ऐकलंच नाही. तुझ्या आईने ऐकलं. उजव्या हाताची दोन बोटं सुजतात, सकाळी तासभर नळ पिरगळता येत नाही. हे तिने मला सोमवारी सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे न बघता.

माझी उजवी करंगळी तू लहान असताना धरून चालायचीस. ती वाकडी का, असं विचारायचीस, आणि मी सांगायचो की गाडीच्या दारात सापडली. दारात काही सापडली नव्हती. ती अशीच सुजायची, सकाळी आखडायची. मी तिला तेल लावत होतो. सात-आठ वर्षं लावत होतो, मुठेल, करंजेल, निरगुडीचा शेक. उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन बसायचो, तुलाही दोनदा नेलंय, गंधकाच्या वासाने तू नाक धरून बसली होतीस. बोट जरा सैल पडायचं आणि वाटायचं, बरं होतंय. पुढे एक्स-रे काढला तेव्हा सांधा झिजून गेला होता. तोच सोरायसिस, कातडीवरून सांध्यात उतरलेला. तेल कातडीला पोचतं, सांध्यापर्यंत नाही. वेळेवर गोळी घेतली असतीत तर बोट वाचलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हेही मी घरी सांगितलं नाही.

तेव्हा घे ती गोळी.

मी परवा मेडिकलवाल्याकडे गेलो होतो, नाव कागदावर लिहून. मेथोट्रेक्सेट. तो म्हणाला, काका, ही कॅन्सरची. माझे पाय लटपटले. मग त्यानेच खुर्ची दिली आणि सांगितलं की कॅन्सरला फार मोठ्या प्रमाणात देतात, सोरायसिसला आणि संधिवाताला थोडी, कित्येक वर्षांपासून देतात. फक्त एक गोष्ट त्याने दोनदा सांगितली. आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतली तर जीवावर बेतते, आणि माणसं चुकतात, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. तुला हे डॉक्टरांनी सांगितलंच असणार. तू शिकलेली आहेस. तरी एक वार ठरव आणि भिंतीवर लिही. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी असेल तर ती वेगळ्या डबीत ठेव, दोन्ही पिवळ्या आणि बारीक असल्या तर घोटाळा होतो. तोंडात फोड आले, ताप आला, तर वाट बघू नको. रक्त तपासायची तारीख चुकवू नको. घशासाठी किंवा दुखण्यासाठी कोणी दुसरं औषध दिलं तर आधी सांग की ही चालू आहे. ऑफिसातल्या पार्ट्यांमध्ये पिऊ नको. पितेस असं म्हणत नाही.

आणखी एक आहे, ते मला लिहिता येत नाही. पुढेमागे मुलाबाळांचा विचार असेल तेव्हा ही गोळी बरीच आधी, डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. आईला फोन कर, ती बोलेल.

झालं, पुन्हा मी वाहक झालो. तिकीट दाखवा, सुटे द्या. माफ कर.

दिल्लीत दुपारी ऊन पडतं ना? गच्चीवर दहा मिनिटं कोपरं उघडी टाकून बस. नुसती, बावची न लावता. हसलीस का? घशाला मात्र जप. सहावीत तुझा घसा धरला होता, आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटावर पावसाचे थेंब पडावेत तसे ठिपके उठले. तिथूनच सगळं सुरू झालं. तिथूनच असं म्हणतो खरा, पण ते अण्णांपासून आलं, अण्णांकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तुझ्याकडे. नाक आईचं, आवाज आईचा, आणि माझ्याकडून काय मिळालं, तर हे.

अण्णांना वैद्यबुवांनी 'कुष्ठाचा प्रकार' असं सांगितलं होतं. आयुर्वेदात कातडीच्या बऱ्याच रोगांना तो शब्द आहे, पण आजीने एवढाच शब्द ऐकला आणि अण्णांचं ताट वेगळं केलं. मरेपर्यंत ते पडवीत जेवले. हा रोग शिवल्याने लागत नाही हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी बारा महिने पूर्ण बाह्यांचा खाकी घालायचो. खेडच्या गाडीत एकदा एका बाईने माझ्या हातातून सुटे घेतले नाहीत, म्हणाली, सीटवर ठेवा. मी ठेवले. नंतर तसंच ठेवायची सवय लागली, कोणी न सांगता.

आणि तू मुलाखतीला अर्ध्या बाह्यांचा कुडता घालून गेलीस. आईने मोबाइलवर फोटो दाखवला, दोन्ही कोपरं दिसत होती, चट्ट्यांसकट. मी आईला म्हणालो, जरा झाकलं असतं तर. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर गेलो. बाहेर जाऊन तो फोटो पुन्हा उघडला. डेपोतल्या सगळ्यांना पाठवलाय, रागावू नको.

मुठेल संपलं तर कळव. गोळीबरोबरही तेल लावायचंच असतं, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, माझ्या पदरचं नाही. कातडी कोरडी ठेवून नुसत्या गोळीवर भागत नाही.

पत्र मिळालं की फोन कर, माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलात उशीचे चार अभ्रे आहेत, गडद निळे. काळ्या कुड्याचा डाग त्यावर दिसत नाही. आईने निवडलेत. आणि कुठला वार ठरला तेवढं तिला सांग, मी कालनिर्णयावर गोल करून ठेवतो. त्या दिवशी फोन करणार नाही. दुसऱ्या दिवशी करीन, आज घेतली नाहीस ना, एवढंच विचारायला.