काळ आणि क्रमाचे इंग्रजी शब्द: अर्थ पाठ, तरी उत्तर चुकते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की शब्दसंग्रहाची सदरे आणि पुस्तिका निघू लागतात. त्यांत काळ आणि क्रम दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांची एक यादी हमखास असते. ‘प्रायर’ म्हणजे आधीचा, ‘सबसिक्वेंट’ म्हणजे नंतरचा, ‘सायमल्टेनियस’ म्हणजे एकाच वेळचा. अर्थ बरोबर असतात. तरीही यादी तोंडपाठ असलेली मुले नेमकी याच शब्दांवर गुण घालवतात. कारण हे शब्द दोन घटनांमधले नाते सांगतात, आणि त्यांतली पहिली कोणती हे वाक्याच्या रचनेवरून ठरते. ते यादीत दिसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘फॉलो’चा. ‘द लेक्चर वॉज फॉलोड बाय अ डिस्कशन’ यात व्याख्यान आधी, चर्चा नंतर. ‘द लेक्चर फॉलोड अ डिस्कशन’ यात चर्चा आधी, व्याख्यान नंतर. कागदावर दोन्ही ठिकाणी ‘लेक्चर’ पहिले आणि ‘डिस्कशन’ दुसरे. फक्त ‘वॉज’ आणि ‘बाय’ निघून गेले आणि घटना उलटल्या. मराठीत असे होत नाही. ‘व्याख्यानानंतर चर्चा झाली’ म्हणा किंवा ‘चर्चा झाली ती व्याख्यानानंतर’ म्हणा, ‘नंतर’ हा शब्द आधी घडलेल्या गोष्टीलाच चिकटून राहतो. इंग्रजीत असा आधार नसतो, म्हणून घाईत जे आधी लिहिले आहे तेच आधी घडले असे धरले जाते. ‘फॉलोइंग’ वाक्याच्या तोंडाशी आला तर अडचण आणखी वाढते. ‘फॉलोइंग द इन्क्वायरी, द मॅनेजर रिझाइन्ड’ याचा अर्थ चौकशीनंतर व्यवस्थापकाने राजीनामा दिला. ‘खालील’ हा पाठ केलेला अर्थ इथे निरुपयोगी आहे. ‘प्रिसीड’ म्हणजे आधी येणे, त्याचे सगळे ‘फॉलो’च्या बरोबर उलट चालते. त्याला ‘प्रोसीड’शी गाठू नये, ‘प्रोसीड’ म्हणजे पुढे जाणे, काम पुढे चालू करणे.

यावर एकच सराव उपयोगी पडतो आणि त्याला पेन्सिल पुरते. वाक्य वहीत लिहायचे, त्यातल्या प्रत्येक घटनेच्या डोक्यावर घडण्याच्या क्रमाने १, २, ३ असे आकडे टाकायचे, आणि मग तेच वाक्य घटनांचा क्रम न बदलता दुसऱ्या शब्दाने फिरवून लिहायचे. ‘फॉलोड बाय’चे वाक्य ‘प्रिसीडेड’ने लिहिले, ‘आफ्टर’चे ‘बिफोर’ने लिहिले, तरी आकडे त्याच घटनांवर राहिले पाहिजेत. राहिले नाहीत तर चूक तिथल्या तिथे दिसते. दिवसाला सहा-आठ वाक्ये पुरेत. तीच वाक्ये दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने आकडे झाकून पुन्हा सोडवावीत. ‘प्रिसीड-प्रोसीड’ किंवा ‘इमिनंट’ (लवकरच घडणारा) आणि ‘एमिनंट’ (नामवंत) यांसारख्या जोड्या मात्र एकाच दिवशी शिकू नयेत. एक शब्द पक्का झाला की दुसरा घ्यावा, नाहीतर दोन्ही कायमचे एकमेकांत मिसळतात.

चुकांचा दुसरा मोठा साठा आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत प्रदर्शन खुले आहे’, मराठीला दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ लागते, कारण काम एकदाच करायचे आहे आणि शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत आहे. दुसऱ्याला ‘अंटिल फ्रायडे’ लागते, कारण ते चालू राहणार आहे. ‘बिफोर फ्रायडे’ म्हटले की शुक्रवार बाहेर पडतो आणि गुरुवार शेवटचा दिवस होतो. क्रियापदाला एकच प्रश्न विचारावा: हे चालू राहते की एकदा होऊन संपते? चालू राहणाऱ्याला ‘अंटिल’, संपणाऱ्याला ‘बाय’.

‘नॉट अंटिल’ तर वेगळाच शिकवायला हवा. ‘द ब्रिज डिड नॉट ओपन अंटिल मार्च.’ मराठीत ‘पूल मार्चपर्यंत उघडला नाही’ एवढे म्हटले की पुढे तो उघडला की नाही हे मोकळेच राहते. इंग्रजी वाक्य मात्र तो मार्चमध्ये उघडला असे सांगते. उताऱ्यावरच्या ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ (बरोबर, चूक की उताऱ्यात सांगितलेलेच नाही) अशा प्रश्नात ‘पूल मार्चमध्ये उघडला’ असे विधान आले तर उत्तर ‘ट्रू’ आहे. मनातल्या मनात मराठी करणारी मुले तिथे ‘नॉट गिव्हन’ लिहून येतात.

‘पासून’ही असाच दुहेरी. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, ‘फॉर’ला कालावधी, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ चूक. आणि ‘इन टू अवर्स’ म्हणजे आतापासून दोन तासांनी. आपल्या मनातले ‘दोन तासांत’, म्हणजे त्याआधी कधीही, सांगायला ‘विदिन’ लागतो.

आता ‘पुढे’. आपण बैठक पुढे ढकलतो तेव्हा ती उशिरा होते. इंग्रजीत बैठक ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली तर ती लवकर होते, आणि ‘पुश्ड बॅक’ झाली तर उशिरा. ‘फॉरवर्ड’चा अर्थ ‘पुढे’ असाच पाठ केलेला असतो, त्यामुळे उत्तर बरोबर उलटे येते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या श्रवण चाचणीत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. बोलणारा आधी १२ तारीख सांगतो आणि मग ‘इट्स बीन ब्रॉट फॉरवर्ड टू द टेन्थ’ म्हणून ती बदलतो. ज्याने १२ लिहून पेन खाली ठेवले त्याचा गुण गेला. ‘पोस्टपोन’, ‘डिफर’, ‘पुट ऑफ’ आणि ‘पुश बॅक’ हे उशिराच्या बाजूचे. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ आणि ‘मूव्ह अप’ लवकरच्या बाजूचे. आपल्याकडे रुळलेला ‘प्रीपोन’ आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या लेखनात टाळलेला बरा.

मोजणीतही दोन भाषांची रीत वेगळी आहे. आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो, दोन्ही टोके धरून. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ मुळातच चौदा रात्रींचा. १ तारखेपासून फोर्टनाइट मोजला तर १५ तारीख येते. ‘दिवसाआड’ला ‘एव्हरी अदर डे’ किंवा ‘ऑन ऑल्टर्नेट डेज’ आणि ‘दोन दिवसांआड’ला ‘एव्हरी थर्ड डे’. आपण मधले रिकामे दिवस मोजतो, इंग्रजी पुढची पाळी कितव्या दिवशी ते मोजते. ‘बायअॅन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. ‘बायमंथली’ मात्र इंग्रजीतच दोन्ही अर्थांनी वापरतात. आपले ‘द्वैमासिक’ नि:संदिग्ध आहे, म्हणून त्यावरून अंदाज बांधणे धोक्याचे. आजूबाजूची वाक्ये पाहूनच ठरवावे.

‘शेवटी’ या एका शब्दासाठी इंग्रजीत निदान चार दारे आहेत. यादीतला अखेरचा मुद्दा मांडताना ‘लास्टली’, खूप वाट पाहून घडले तर ‘अॅट लास्ट’, बरेच काही घडून गेल्यावर ‘इव्हेंच्युअली’, आणि पानाच्या, महिन्याच्या शेवटाला ‘अॅट द एंड’. निबंधाच्या अखेरच्या परिच्छेदाची सुरुवात ‘अॅट लास्ट’ने केली तर वाचणाऱ्याला ‘सुटलो एकदाचे’ असे ऐकू येते. ‘पहिल्यांदा’ही तसाच फसवा. ‘अॅट फर्स्ट’ म्हटले की पुढे काहीतरी बदलले हे वाक्यात गृहीतच असते. कृतीतली पहिली पायरी सांगायला ‘फर्स्ट’ आणि आयुष्यात पहिल्यांदा घडले तर ‘फॉर द फर्स्ट टाइम’.

काही शब्दांना मराठी जोडीदार आधीच तयार आहे, तोच लक्षात ठेवावा. ‘पेनल्टिमेट’ ऐकून ‘अगदी शेवटचा’ वाटतो, पण तो आहे ‘उपांत्य’, शेवटच्याच्या आधीचा. ‘कॉन्टेम्पररी’ म्हणजे ‘समकालीन’. पण सोळाव्या शतकातल्या कवीचे ‘कॉन्टेम्पररीज’ सोळाव्या शतकातलेच, आजचे नव्हेत. ‘कन्करंट’ आणि ‘कॉन्सिक्युटिव्ह’ यांतला फरक शिक्षेच्या हिशेबाने कळतो. दोन आणि तीन वर्षांच्या शिक्षा ‘कन्करंट’ असतील तर एकत्र भोगून तीन वर्षे, ‘कॉन्सिक्युटिव्ह’ असतील तर एकीमागून एक, पाच वर्षे. ‘फॉर्मर’ आणि ‘लॅटर’ फक्त दोघांसाठी, तिसरा आला की बंद.

विस्कटलेली वाक्ये जुळवायच्या प्रश्नात ‘द लॅटर’ असलेले वाक्य, ती दोन नावे त्याच वाक्यात नसतील तर, कधीच पहिले नसते; त्याच्या आधी दोन नावे घेणारे वाक्य असलेच पाहिजे. ‘हॅड’सह आलेली क्रिया इतर भूतकाळी क्रियांच्या आधी घडलेली असते, पण ते वाक्य परिच्छेदात आधी येईलच असे नाही. लेखक बरेचदा घटना आधी सांगतो आणि मग तिची पार्श्वभूमी देतो. घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम वेगळा धरला नाही तर हा प्रश्न सुटत नाही.

लेखनाबद्दल. आयईएलटीएस अॅकॅडमिकच्या पहिल्या लेखनात, किमान १५० शब्दांत, कधी कधी एखादी प्रक्रिया आकृतीवरून लिहायची असते. ‘फर्स्टली, सेकंडली, देन, नेक्स्ट, फायनली’ अशी माळ प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी बांधली की परीक्षक ती यांत्रिक मानतात आणि सुसंगतीचे गुण अडतात. त्याऐवजी क्रम वाक्याच्या पोटात घालावा: ‘वन्स ड्राइड, द क्ले इज कट’ किंवा ‘बिफोर बीइंग पॅक्ड’. आकृती चक्राकार असेल तर ‘फायनली’ चूकच, कारण चक्राला शेवटची पायरी नसते. तिथे ‘द सायकल देन बिगिन्स अगेन’.

म्हणून विनंती अशी, की अशा याद्या छापताना शब्द थोडे कमी घ्यावेत, पण प्रत्येकासोबत एक पूर्ण वाक्य द्यावे आणि त्यातल्या घटनांवर १, २ असे आकडे छापावेत. जागा थोडी जास्त लागेल. वीसऐवजी आठच शब्द बसले तरी चालतील.

आपला विश्वासू,
इंग्रजीचा एक शिक्षक