विषय: ‘स्टेनलेस’ सुरीला चढलेला गंज (पाचवी तक्रार, पहिल्यांदाच लेखी)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा पाचवा फोन आत्ताच ठेवला. आता लिहूनच देते.

खोक्यावर ‘स्टेनलेस’ छापलंय आणि पात्यावर ‘डी२’ कोरलंय. डी२ काय चीज आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. टूल स्टील, म्हणजे हत्यारं-अवजारं बनवायचं कडक पोलाद. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. तिसऱ्या फोननंतर तुमच्याकडून ऐटीत मेल आला की १०.५ टक्क्यांवर क्रोमियम असलं की स्टील स्टेनलेस, आणि आमच्यात तर १२ आहे. हिशोब झकास! त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनने कार्बाइडमध्ये (दोघांच्या संयुगाच्या कडक कणांत) अडकवून ठेवलेलं असतं, गंज अडवायला ते मोकळं उरतच नाही, एवढंच लिहायचं राहिलं. नुसत्या आकड्यावर भागलं असतं तर २० टक्के क्रोमियमच्या झेडडीपी-१८९ या सुऱ्यांच्या स्टीलला कधी डाग पडला नसता. पडतो, कारण त्यात कार्बनही ३ टक्के आहे.

आता आजचा फोन. आधी भरपूर वेळ संगीत. मग, “मॅडम, सुरी पाण्याने धुतली होती का?” धुतली होती म्हटलं. चोर सापडल्यासारखा आवाज आला, “मग तेच कारण!” मी शांतपणे (खरंच शांतपणे) क्रोमियमचा विषय काढला. त्यावर, “क्रोमियम म्हणजे वरचं चकचकीत कोटिंग ना? घासून घासून गेलं असेल.” अहो, कोटिंग नव्हे. पात्यातल्याच क्रोमियमचा ऑक्साइडचा अतिपातळ थर आपोआप धरतो, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. स्टेनलेसची सगळी करामत तीच. हे तुमच्या माणसाला मी सांगायचं? सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी गोड आवाजात, “घरात कुणी सर आहेत का? त्यांना नीट समजावतो.”

घरात सर आहेत. सुरीची धार कुठल्या बाजूला आहे ते त्यांना मी दाखवते.

‘देखभाल चुकली’ हे पाचदा ऐकल्यावर मी तीन सुऱ्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू रात्रभर ठेवला. १०९५ ची साधी कार्बन स्टीलची सुरी सकाळी नारिंगी झाली होती. तिच्याबद्दल तक्रार नाही, तिच्यासोबतच्या कागदावरच लिहिलं होतं की गंजेल, तेल लावून ठेवा. एक्स५०सीआरएमओव्ही१५ या स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर काही नाही, पुसली आणि झालं. तिच्यात क्रोमियम १५ टक्के आणि कार्बन जेमतेम अर्धा टक्का. तुमच्या सुरीवर धारेलगत तपकिरी ठिपक्यांची रांग. घासल्यावर रंग गेला, खड्डे राहिले. नख फिरवलं की अडकतं.

डी२ वाईट नाही. धार टिकते, मान्य. ‘ओली ठेवू नका, लगेच पुसा’ एवढी ओळ छापली असती तर मी पुसली असती आणि हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तुम्ही छापलंत स्टेनलेस. पुन्हा लिहिते, स्टेनलेस. मोठ्या अक्षरात.

तुमच्या जुन्या सुऱ्या मी दोघींना भेट दिल्या आहेत, तुमचं नाव सांगून. आता त्यांना काय सांगू?

पैसे परत करा आणि खोक्यावरचा तो शब्द काढा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तिन्ही पात्यांचे फोटो आणि तुमचा तो १०.५ टक्क्यांचा मेल सगळ्यांना वाचायला मिळेल.

ता.क. उत्तर द्यायला फोन केलात तर माझ्याशीच बोला. सर कामात असतात.