बाबा, एफडी मोडू नका

मुलुंड,
गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

ती. बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे बरे आहेत. फोनवर दोनदा सांगून पाहिलं. बाबांना 'नको'चं 'हो' ऐकू गेलं आणि आई म्हणाली, रविवारी ये, मग बोलू. रविवारी वरचे काका चहाला असतात आणि त्यांच्यासमोर हा विषय मला नको आहे. म्हणून लिहितेय. आईच्या डोळ्यांत अजून ड्रॉप्स चालू आहेत, तेव्हा बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचा. मधलं काही गाळू नका, मी आईला विचारणार आहे.

त्या दिवशी ऑनलाइन डॉक्टरेट विकणाऱ्या कंपनीचा तो फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. तिकडचा मुलगा सांगत होता, 'मॅम, सिर्फ तीन सीटें बची हैं.' बाबा, तुमचं कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे खणात होतं. अख्खं बोलणं निसटलं, पण त्यातला 'डॉक्टर' हा एक शब्द तुम्हाला नेमका ऐकू आला. नोकरी सांभाळून, घरबसल्या, चोवीस महिन्यांत नावाआधी 'डॉ.' तुम्ही पेपर घडी करून ठेवलात, कपाट उघडलंत आणि एलआयसीच्या त्या जुन्या पिशवीतून एफडीची पावती काढून पोळपाटाशेजारी ठेवलीत. साडेसात लाख. 'फी माझ्याकडून,' म्हणालात. पावतीच्या कोपऱ्याला पीठ लागलं ते आईने पदराने पुसलं.

मी तेव्हा काही बोलले नाही, त्याचा अर्थ तुम्ही होकार घेतलात. चूक माझीच आहे. खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता.

त्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही. मार्चमध्ये व्हाइस प्रेसिडेंटची जागा निघाली होती. ती मला मिळेल असं मी धरून चालले होते, पण पुण्याहून एकाला आणून बसवलं. साहेब म्हणाले, तुझं प्रोफाइल थोडं स्ट्राँग कर. म्हणजे नक्की काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी आपला अर्थ लावला, डिग्री. आपल्या घरात पोटदुखीला ओवा आणि बाकी सगळ्याला डिग्री.

एकदा तो उपाय लागूही पडला होता. २००८ ला मी ऑफिस सुटल्यावर तीन वर्षं चर्चगेटला मास्टर्सच्या तासांना बसत होते आणि तू, आई, रात्री पावणेअकराला डोंबिवली स्टेशनच्या जिन्याशी उभी राहायचीस. तेव्हा जाहिरातीतच लिहिलेलं असायचं, एमबीए किंवा तत्सम. कागद नसेल तर आत बोलावतच नव्हते. तो कागद आला आणि दारं उघडली. यावेळी मात्र मी घाई न करता आमच्या ऑफिसातल्या वरच्या अकरा माणसांची यादी काढली. सहा इंजिनिअर-एमबीए, दोन सीए, एक जहाजावरचा कॅप्टन, एक साधा बी.कॉम. जो मस्जिद बंदरला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या, धंद्यातच वाढला, आणि एक मालकांचा भाचा. डॉक्टरेट एकाचीही नाही. पुण्याहून आलेल्याचीही नाही. त्याच्याकडे जे होतं ते वेगळंच होतं. त्याने चार वर्षं एक अख्खी शाखा नफा-तोट्यासकट चालवली होती. मी एकोणीस वर्षं ऑपरेशन्समध्ये आहे. बोट कधी लागली, कंटेनर किती दिवस पडून आहे, डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, कुणाच्या माथी बसणार, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण शेवटी पैसे किती सुटले, तो तक्ता माझ्या टेबलावर कधी आलाच नाही. साडेसात लाख भरून येणार होती ती वेगळीच वस्तू, हा तक्ता नव्हे.

त्या फोनवाल्या मुलाशी मी नंतर पुन्हा बोलले. बिचारा पंचविशीतला असेल, त्याला टार्गेट असणार. मी विचारलं, या पदवीवर उद्या इथल्या कॉलेजात मला शिकवता येईल का? 'मॅम, ग्लोबली रेकग्नाइज्ड है.' बरं, प्रबंध कोण तपासणार? 'मेंटॉर.' बाहेरचा परीक्षक? तोंडी परीक्षा? त्याने ईएमआयचा विषय काढला. बाबा, परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्यांना मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च शिक्षणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थांनी ऑक्टोबर २०२२ मध्येच जाहीर केलंय. हा मुलगा विकत होता ती पीएच.डी. नव्हती, डीबीए होती, म्हणजे 'डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन', एवढाच फरक. आता डीबीए हा प्रकारच खोटा असं मी म्हणणार नाही. पीएच.डी. माणसाला संशोधक करण्यासाठी असते, डीबीए नोकरीतल्या माणसाने आपल्याच धंद्यातला एखादा गुंता संशोधनाच्या शिस्तीने सोडवावा यासाठी. चांगल्या विद्यापीठांत त्यालाही तीन-चार वर्षं घाम गाळावा लागतो. पण जिथे प्रबंध कोण तपासणार याचं उत्तर ईएमआय असं मिळतं, तिथे आपण काय विकत घेतोय?

हे तुम्हाला मी काय सांगावं! प्रबंध म्हणजे काय हे मी तुमच्याकडूनच शिकले. गिरगावच्या खोलीत रात्री जेवणं झाली की तुम्ही लोकांचे प्रबंध टाइप करायला रेमिंग्टन टाइपरायटरखाली चादरीची घडी घालायचात, शेजाऱ्यांना खडखड ऐकू जाऊ नये म्हणून. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. एक अक्षर चुकलं की पाचही कागदांवर खोडायचं, प्रत्येक कार्बनमागे चिठ्ठी सरकवून. तळटीप किती ओळींची आहे ते आधी मोजून पानाखाली तेवढी जागा सोडायची. पानाला सव्वा रुपया. मी त्या आवाजात झोपायचे, आवाज थांबला की जाग यायची. एक गृहस्थ आठवतात? तिसरं प्रकरण घेऊन पाच वर्षं येत होते, दर वेळी गाइडच्या लाल शाईने रंगवलेलं. आई त्यांना 'तिसरे प्रकरण' म्हणायची. ते शेवटी डॉक्टर झाले तेव्हा काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची बांधलेली प्रत आपल्याला दाखवायला घेऊन आले आणि ऋणनिर्देशात सर्वांत खाली तुमचं नाव होतं, सुबक टंकलेखनाबद्दल. ते पान तुम्ही अजून ठेवलंय, मला माहीत आहे. पिशवीत पावतीच्या खालीच असतं.

म्हणून मला वाटतं, तुम्हाला फी भरायची नव्हती. तुम्हाला त्या रेक्झिनवर आपल्या घरातलं नाव बघायचं होतं. बाबा, चोवीस महिन्यांच्या त्या कागदाला तुम्ही कधीतरी हातात धरून उलटसुलट पाहिलंच असतं. तुमच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

आई, आता तुझा मुद्दा. रिटायर झाल्यावर कॉलेजात शिकवायचं तर डॉक्टरेट लागेलच ना, असं तू म्हणालीस. असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर व्हायचं तर लागते. असिस्टंट प्रोफेसरसाठी जुलै २०२३ पासून नेट-सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पीएच.डी. ऐच्छिक आहे. आणि माझ्यासारखीसाठी यूजीसीने २०२२ मध्ये आणखी एक वाट काढली आहे, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. कामाचा किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, डॉक्टरेटची अट नाही. ती कायमची नोकरी नाही, चार वर्षांपलीकडे नेता येत नाही, पण शिकवण्याची हौस भागायला पुष्कळ झालं. आठवड्याला दोन तास घेण्याबद्दल एका कॉलेजात आत्ताच बोलून ठेवलंय.

मग विषय संपला का? नाही ना. इथेच गडबड आहे.

आमच्याकडे न्हावा शेवा बंदरात एक सोय आहे. आयात केलेला कंटेनर आधी सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या यार्डात, न नेता ४८ तासांच्या आत थेट बंदरातून उचलायचा. दिवस वाचतात, भाडं वाचतं. कागदावर कुणी नाही म्हणायचं कारण नाही. तरी सोय मिळालेले कितीतरी लोक माल सीएफएसलाच नेतात. का? मी गेली चार-पाच वर्षं हे दिसेल त्याला विचारते. मस्जिद बंदरचे प्लॅस्टिक दाण्याचे एक शेठ आहेत. त्यांनी मला चहा पाजला, हिशेबाची वही बंद केली आणि म्हणाले, 'मॅडम, सीएफएस म्हणजे माझं गोदाम आहे. भिवंडीत जागा घेऊन ठेवू, की गिऱ्हाईक मिळेल तसा माल सोडवू?' कस्टम ड्युटीचे पैसेही तोवर गोळा होतात. म्हणजे सरकार ज्याला उशीर म्हणतं ती शेठची उधारी आहे! हे एका माणसाचं खरं आहे की शेकडोंचं, ते मला कळून घ्यायचंय. प्रमोशन मिळो न मिळो.

त्यासाठी एका प्राध्यापकांना भेटले. ते म्हणाले, प्रश्न एका वाक्यात सांगा. मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी शांतपणे चार शोधनिबंध हातात दिले आणि हे वाचून या म्हणाले. दोन समजले. उरलेल्या दोघांत जी संख्याशास्त्राची पानं आहेत ती बघून मला दहावीला बसलेल्या तुमच्या नातीची दया आली. त्यांनी नियमही सांगितले. पार्ट-टाइम पीएच.डी. करता येते, पण ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. आधी प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बाईमाणसाला वर दोन वर्षांची सवलत. मी त्रेचाळीसची. गणित तुम्हीच करा.

शोधगंगावर, म्हणजे देशभरातले प्रबंध जिथे कुणालाही फुकट वाचता येतात तिथे, आमच्या विषयातले काही चाळले. एकात सव्वाशे लोकांकडून फॉर्म भरून घेऊन निष्कर्ष काढला होता की वेळेवर सेवा दिली तर ग्राहक समाधानी होतो. तो वाचून जरा धीर आला आणि जरा भीतीही वाटली. असलं काही माझ्या हातून व्हायचं असेल तर न झालेलं बरं.

तर ठरवलंय ते असं. या वर्षी कुठेही नाव घालत नाही. साहेबांकडे जाऊन डिग्रीऐवजी शाखा मागितली. पदनाम तेच ठेवा म्हटलं, पण नफा-तोटा माझ्या नावावर द्या. आठ दिवस त्यांनी ताटकळत ठेवलं, परवा हो म्हणाले. एक तारखेपासून मी न्हावा शेवाच्या शाखेत. ठाण्याहून नेरूळ, नेरूळहून उरण लोकल. २०२४ च्या जानेवारीत ती गाडी उरणपर्यंत सुरू झाली नसती तर मी मागितलंही नसतं. पगार एक रुपयाने वाढलेला नाही, हे वरच्या काकांना सांगू नका. गाडीत ते दोन निबंध वाचायचे. वर्षाने प्रश्न तेवढाच छळत असेल तर इथल्याच एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षेला बसेन. तेव्हाही फी माझ्या पगारातून जाईल. चिकाटी सुटली तर तेही तुम्हाला सांगेन, लपवणार नाही.

बाबा, पावती पिशवीत परत ठेवा. मुदत संपेल तेव्हा बँकेत माझ्याबरोबर चला, ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजाने रिन्यू करू आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव आहे की नाही तेही बघून घेऊ. आणि यंत्र घालत जा. १३ नंबरचे, नारिंगी पट्टीचे सेल रविवारी घेऊन येते, मागच्या वेळचे तुम्ही घड्याळात घालायला बघत होतात.

सोबत दोन पानं आहेत. तो शेठचा प्रश्न मी इंग्रजीत लिहून काढलाय. पाच वेळा लिहिला, अजून एका वाक्यात बसत नाही. लाल पेन घ्या आणि कुठे अडखळता तिथे खूण करा, विषय समजला नाही तरी चालेल. डावीकडे दीड इंच समास सोडला आहे.

तुमची,
ताई